पुरा म्हणजे पुरणं नव्हे

आये, एक शब्द कुणाला विचारला असतास तर जीभ झिजली असती काय तुझी? काल गावावरच्या कातळी सड्यावर तुझ्यापायी माझं हसं झालं. पुरातत्त्व खात्याची बाई कातळावरची चित्रं शोधत आली, तर मी तिला म्हटलं, "आता कित्याक इलात? तुमचा काम आमच्या आयेन कधीच केल्यान. पुरून टाकल्यान." बाई हसली. म्हणाली, "मावशी, पुरा म्हणजे पूर्वीचं. जुनी माणसं कशी जगली ते त्यांच्या वस्तूंवरून शोधायचं. आम्ही पुरत नाही, पुरलेलं उकरतो."

मी लहान असताना त्या दिवशी पोलीस पाटील अंगणातूनच ओरडून गेले होते, "पुरातत्त्ववाले येतले गो, चित्रां बघूक!" तू लगेच टोपली उचललीस. "पुरूकच येतत मा? सरकारी माणसां ती, येतली तेवा येतली. आपणच पुरूया." मळ्यातली माती घेऊन आपण सडा चढतोय, तू पुढे, मी मागे लहान टोपली घेऊन. कातळात तो मासा कोरलेला, शेजारी पाय फाकून उभा माणूस. माणसाच्या तोंडावर माती ओतताना तू थांबलीस. "डोळे मीट रे बाबा," म्हणालीस. मी हसले, तर पाठीत धपाटा घातलास. खात्याचं कुणी आलंच नाही. पावसात तू तिथं तवशी लावलीस, तुझ्यामागं मी लावते. बाईलाही एक कापून दिली, "काकडी गोड आहे" म्हणत मिठासकट खाल्लीन.

खाता खाता तिनं विचारलं, "ही माती कधीची?" म्हटलं, आमच्या आयेची. तेही तिनं लिहून घेतलं. "म्हणजे वरचा थर तुमच्या आईचा. तो काढल्याशिवाय खालचं दिसायचं नाही. जमीन तुमची, तुम्ही हो म्हटलंत तरच." सोमवारी परत यायची आहे.

गावाला तो मासा बघायचाय. मलाही बघायचाय, खोटं कशाला बोलू? पण तुझा एक फोटो नाही माझ्याकडे, लुगड्याचा तुकडा नाही. तुझ्या हातची म्हणावी अशी ती माती तेवढी उरलीय, आणि ती थर म्हणून घमेल्यात भरून बाजूला टाकायची.

हे लिहिलंय ते कुठे टाकणार? तांदळाच्या डब्याखाली ठेवते. शब्दाचा अर्थ कळला मला, पण मनात अजून तुझाच आहे. सोमवारी बाईला काय सांगू? स्वप्नात ये, नाहीतर भांडायला ये, पण रविवारपर्यंत सांग. उकरू की नको?