लक्झेंबर्गची नेमणूक

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! शहाद्याहून धडगावपर्यंत जीपमध्ये शेजारची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. घाटात मला मळमळलं, कोंबडीला काही नाही. पुढे बँकेची गाडी आली. मोलगीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर डोंगराच्या कडेला हा नवाकोरा बंगला.

शहाद्याच्या पतसंस्थेत पासबुकं छापून कंटाळले होते. आता इथे थोडं प्रशिक्षण, आणि मग थेट लक्झेंबर्गच्या बँकेत ग्राहक अधिकारी. आई ब्राह्मणपुरीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली, वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "मन्ही रुचिका परदेशमा बँकमा लागनी!" मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

५ नोव्हेंबर
शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडम फार नीटनेटक्या आहेत. सवय व्हावी म्हणून घरातली घड्याळं तिकडच्या वेळेवर लावली आहेत, खिडक्यांना काळा कागद. फोन जमा केले. प्रशिक्षणाला आम्ही दोघंच. दुसरा भूपेंद्र, प्रकाशा गावाकडचा, जाड भिंगाचा चष्मा, सतत काहीतरी विनोद. स्वयंपाकाला कौसाबाई, इथल्याच पाड्यावरच्या. त्या पावरी बोलतात, मराठी मोडकंतोडकं.

काम मजेशीर आहे. काचेच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून वाक्यं वाचायची. आधी इंग्रजी, फ्रेंच. मग हसायचं, रागवायचं, सांत्वन करायचं. मॅडम म्हणतात, ग्राहकाला आवाजावर विश्वास बसला पाहिजे.

१२ नोव्हेंबर
आज घरची भाषा बोलायला लावली. आईशी कसं बोलतेस, भांडतेस कशी, रडतेस कशी. बँकेला अहिराणी कशाला, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तू मोकळी व्हावीस म्हणून.

घसा बसलाय. भूपेंद्रचा तर आवाजच फुटत नाही, खुणा करून मीठ मागतो. कौसाबाईंनी आल्याचं पाणी दिलं. फरक नाही.

१६ नोव्हेंबर
भूपेंद्रची नेमणूक झाली! मॅडमनी हार घातला, पेढे दिले. तो मागच्या दाराने गाडीकडे गेला. जाताना काहीतरी म्हणाला, ऐकूच आलं नाही.

१८ नोव्हेंबर
मॅडमनी पडद्यावर भूपेंद्र दाखवला. मागे काचेच्या इमारती, अंगात कोट. आवाज खणखणीत. त्याच्या नेहमीच्या विनोदावर मी हसले. मॅडम नाही हसल्या, त्या माझ्याकडे बघत होत्या.

१९ नोव्हेंबर
कौसाबाईंनी पिठाच्या डब्यातून एक चष्मा काढून माझ्या हातात ठेवला. भूपेंद्रचा. काल पडद्यावर त्याने हाच घातला होता.

त्या दिवशी गाडी आलीच नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग त्यांनी स्वयंपाकघरामागच्या भिंतीला हात लावला, आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

२० नोव्हेंबर
कौसाबाई आल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, कामावरून काढलं.
मी घरी जायचं म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. नुसती हवा आली. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला — माझीही नेमणूक झाली म्हणे. मुख्य दाराला कुलूप आहे.

२१ नोव्हेंबर
हार घातला. मागचं दार — बाहेर गाडी नाही, रस्ता नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीमागची आणखी एक खोली. दार बाहेरून लावलं. रोजनिशी स्वेटरच्या आत होती म्हणून वाचली.

भूपेंद्र इथेच आहे. जिवंत आहे. तोंड उघडतो, मिटतो. भिंतीवरच्या पडद्यात तोच भूपेंद्र बँकेत बसून एका गोऱ्या म्हाताऱ्याशी बोलतोय. पडद्यातला हसला की इथला भूपेंद्र कळवळतो.

मॅडम दाराबाहेरून म्हणाल्या, बँकेला आवाज आणि चेहरा, एवढंच हवं होतं. बाकीचं न्यायची सोय नाही.

तारीख माहीत नाही
दुसरा पडदा लागला. मी. कोट घातलेली मी. तिच्यासमोर व्हिडिओ कॉलवर आई, घरच्या ओट्यापाशी.
"जेवनी का वं बेटा?"
"जेवनू ना, माय."
माझा आवाज. माझं हसणं. मी उरलासुरला जीव एकवटून किंचाळले — थोडा निघाला आवाज — आईने ऐकला! दचकली.
"कोन आरडी ऱ्हायनं तठे?"
पडद्यातली मी मागे वळून बघू लागली. सरळ माझ्याकडे. मग आईला म्हणाली, "काही नई माय. बाजूनी पोर शे. तिले घर याद यी ऱ्हायनं."
आई म्हणाली, बिचारी. तिले समजाड बेटा.

नंतर
घशात आता काहीच नाही — गिळताही येत नाही — भूपेंद्र हलत नाही

पुन्हा आई. गावातल्या बायका जमल्यात. सगळ्या मला बघतायत — त्या मला — आईने नवं लुगडं
हाक मारतेय. ओठ हलतात. माय मला घेऊन जा म्हणते — पडद्यातून ऐकू येतं, माय मी मजामा शे — पुन्हा म्हटलं, घेऊन जा — मजामा शे — माझ्याच ओठांबरोबर, अक्षर न् अक्षर — बायका हसतायत, आई डोळे पुसतेय — आता गप्प बसले तरी माझे ओठ हलतायत —