निळ्या डब्यातला मोगरा

मधू बेटा,

पहिल्या बसने इंदूरला निघालोय. आज आईला दवाखान्यातून घरी आणतो. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

गच्चीवरचा तिचा मोगरा वाळला. ती चहाचा चोथा धुऊन घालायची, मी साखरेसकट घातला, मुळांना मुंग्या लागल्या. महिनाभर तिला बाजारातली फुलं नेली आणि आपल्याच मोगऱ्याची म्हणून सांगितलं.

नर्सरीतून कळ्या धरलेलं रोप आणून त्याच निळ्या डब्यात लाव. तिला जिना चढवणार नाही, तेव्हा डबा खाली तिच्या खिडकीत ठेव.

काल फुलं हुंगून म्हणाली, "आपल्या मोगऱ्याला असा वास नाही हो." मग माझ्याकडे बघितलं आणि फुलं उशाशी ठेवून घेतली.

तरी तू रोप आणच.

अण्णा