वीरसिंगचे नाव वहीतून काढण्याबाबत

मी, दगा उखाजी चौधरी, जात गुजर, वय अडुसष्ट, धंदा लोकांचे अर्ज लिहून देणे, राहणार तळोदा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच ओसरीवर बसून, कोणाच्या धाकाला किंवा कोणाच्या चहाला न भुलता लिहून ठेवतो. डॉक्टरांनी काल नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. माझी बायको तापीबाई हयात असती तर तिने या दाखल्यावर हरकत घेतली असती. ती गेली त्याला चार वर्षे झाली, म्हणून दाखला कायम समजावा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची मात्र साठ-सत्तर लिहिली. त्यातली निम्मी भांडणे लावण्यासाठीच होती, हे मी लिहितानाच ओळखत असे.

कलम १. राहते घर माझा मुलगा छगन यास द्यावे. छगन सरकारी कचेरीत कारकून आहे आणि बापाची त्याला लाज वाटते. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "बाबा, त्या पोलीसवहीवाल्यास्ना अर्ज तुम्ही कसाले लिखतस? साहेब माले विचारतस." मी म्हटले, "साहेबले सांग, बाप येडा शे." त्याने खरोखरच सांगितले. असा आज्ञाधारक मुलगा कोणाला मिळतो! घर त्याचेच. फक्त ओसरी दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, उघडी ठेवावी, आणि डोंगरातून आलेल्या माणसाला तिथे बसून पाणी प्यायला मिळावे. साहेबांना हे चालत नसेल तर साहेबांनी त्या दिवशी दुसऱ्या गल्लीतून जावे.

कलम २. माझे उतरते डेस्क, दौत, टाक आणि पितळी पट्टी ही हत्यारे माझी मुलगी रंजनाबाई हिला द्यावीत. ती खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तरीण आहे आणि तिचे अक्षर माझ्याहून चांगले आहे. लोखंडी ट्रंकही तिचीच. त्यात माझ्या एकेचाळीस अर्जांच्या नकला आहेत. सगळे अर्ज एकाच माणसासाठी आहेत. त्याची हकीकत लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत, म्हणून लिहितो.

कलम ३. वीरसिंग हा काठी गावाच्या बाजूचा, डोंगरातला. सन १९५४ साली होळीच्या आधीच्या बाजारात तो आणि झिपरूची मुलगी जसोदा एकमेकांना पसंत पडले आणि निघून गेले. डोंगरात यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पोरगी जाते, तिचा बाप ओरडतो, पंच बसतात, पोराकडून पोरीच्या बापाला द्यायची देज ठरते, दारू वाटली जाते, आणि ओरडणारा बापच सगळ्यांत आधी नाचायला उठतो. आमच्या तापीकाठच्या लग्नांत याहून जास्त ओरडा होतो आणि नाचत कोणी नाही.

झिपरू माझ्याकडे एक कोंबडी घेऊन आला. म्हणाला, "दादा, असा जड अर्ज लिख का पोर्‍याना बाप घाबराई जावाले पाहिजे." पंचांत आपली बाजू भारी व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. बाजारात ही रीतच होती. अर्ज द्यायचा, दाब आणायचा, देज ठरली की अर्ज मागे घ्यायचा. मी जड अर्ज लिहिला. 'फूस लावून', 'बळजबरीने', 'अज्ञान मुलीस' असे माझ्याकडे तयार शब्द होते, ते ओळीने मांडले. झिपरूने अंगठा दिला.

पाचव्या दिवशी तडजोड झाली आणि झिपरू हसत हसत आला. "दादा, मन्हा अर्ज परत दे. आते जावई झाया तो." मी त्याला ठाण्यात नेले. जमादार म्हणाला, हा गुन्हा मागे घेता येत नाही, आता फिर्यादी सरकार आहे. झिपरूला हे काही केल्या समजेना. पोरगी त्याची, अर्ज त्याचा, कोंबडीसुद्धा त्याची, मग भांडण सरकारचे कसे? मला समजत होते, पण मी त्याला समजावले नाही.

कोर्टात जसोदाबाई ठणकावून बोलली, "माले कोन्ही लई गया नही. मीच त्याले लई गई." लोक हसले. पण अर्जात तिचे वय पंधरा लिहिलेले होते, आणि कायद्याने सोळाच्या आतल्या मुलीची संमती ही संमतीच नाही. कायदा बरोबर आहे. लहान पोरींच्या रक्षणासाठी तो हवाच, यात मी कधी एका अक्षराचाही फरक मागितलेला नाही. प्रश्न एवढाच होता की ही पोर लहान नव्हती. तिच्या पाठचा भाऊ त्या वर्षी अठराचा होता! धाकटा अठराचा आणि थोरली पंधराची, हा चमत्कार आमच्या तालुक्यातच घडला. भावाला कोणी साक्षीला बोलावलेच नाही. सरकारी दाक्तरांनी दात पाहून 'पंधरा ते एकोणीस' लिहिले, आणि कागदावर पंधरा होतेच, म्हणून पंधरा धरले. वीरसिंगला तीन वर्षे सक्तमजुरी झाली.

तीन वर्षांनी तो सुटला. जसोदाबाई त्याच्या झोपडीत वाट पाहत होती. तेव्हापासून त्यांचा संसार चालू आहे, दोन मुले आहेत. पण सुटला तो तुरुंगातून, वहीतून नाही. बायकांच्या अब्रूवर हात टाकणाऱ्यांची एक वही ठाण्यात असते. कोणत्या ठाण्यात ते मी लिहीत नाही. मेलेल्यावर बेअब्रूचा दावा लागत नाही, पण छगनवर लागेल. त्या वहीत वीरसिंगचे नाव चढले. दर मंगळवारी सोळा मैल चालत येऊन हजेरी. गाव सोडायचे तर परवानगी. ऊसतोडीला गुजरातेत जायचे नाही. आणि होळीला, काठीचा डोंगर ढोलांनी हलत असतो तेव्हा, तीन दिवस हा ठाण्याच्या पडवीत बसलेला. कारण काय, तर जत्रेत बायका येतात, त्यांना याच्यापासून धोका! त्याची स्वतःची बायको तीन दिवस पडवीसमोर भाकरी घेऊन बसते. ज्या बाईवर याने गुन्हा केला म्हणून नोंद आहे, तीच ही बाई. आजवर आठ होळ्या अशा गेल्या.

कलम ४. माझ्या जुन्या चामडी वहाणा, जोड एक, श्रीमान धनसिंग यांस द्याव्यात. धनसिंग हे केळीचे मोठे बागाईतदार. त्यांच्या बागेत कामाला जाणाऱ्या तीन बाया निरनिराळ्या वर्षी माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. काय झाले ते त्यांनी सांगितले, मी लिहिले. तिन्ही अर्ज ठाण्यातून परत आले. एकीला विचारले, तू एकटी मागच्या पाटाकडे गेलीसच कशाला? दुसरीला विचारले, धनसिंगभाऊंसारख्या माणसाला तूच सापडलीस का? तिसरीला काही विचारलेच नाही, चहा पाजला आणि घरी पाठवले. त्या बायांची नावे मी इथे लिहीत नाही. ज्यांनी लिहून घ्यायला हवी होती त्यांनी घेतली नाहीत, आता मी चव्हाट्यावर मांडणार नाही.

हे धनसिंग कोण, तर वहीतली नावे ठेवायची की काढायची हे ठरवणाऱ्या समितीचे बिनसरकारी सभासद! सन १९६२ मध्ये वीरसिंगचे नाव त्यांच्यापुढे आले तेव्हा म्हणाले, "आपल्या आयाबहिणींचा प्रश्न आहे, दया दाखवून चालणार नाही." पांढरी टोपी, पांढरे धोतर, आणि ठाण्याच्या वहीत त्यांच्या नावाचे पानही कोरे पांढरे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच फाशीची दोरी वळत बसला होता. वहाणांतली उजवी जास्त टणक आहे. कशी वापरायची ते त्यांना रंजनाने समजावून सांगावे, तिला उत्साह आहे.

कलम ५. एकेचाळीस अर्जांत मी आमदारापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना एकच मागणे मागितले. जबरदस्ती करणारा आणि संमतीने संसार मांडणारा एका पानावर घालू नका. वय हे अर्ज लिहिणाऱ्याच्या टाकातून ठरवू नका, भाऊबहीण, दाई, गाव यांना विचारून ठरवा. शिक्षा भोगून जो पाच वर्षे सरळ राहिला त्याचे नाव काढण्याची सुनावणी ठेवा, आणि ती धनसिंगसमोर नको. आणि गरीब बाई आली तर आधी तिचे लिहून घ्या, चहा नंतर पाजा. एवढेच मागणे. उत्तरे अशी आली की 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे.' कुठे पाठवला ते अर्जालाच ठाऊक. एका आमदाराने लिहिले की आपल्या कवितेबद्दल आभारी आहे.

फक्त एक उत्तर सरळ आले. सन १९६१ मध्ये जिल्ह्याच्या एका साहेबांनी लिहिले: 'वय न्यायालयात शाबीत झाले आहे. ते चुकीचे होते याचा पुरावा असल्यास सादर करावा, नाव काढण्याचा विचार करता येईल.' हे पत्र ट्रंकेत सगळ्यांत खाली आहे. मी ते कोणाला दाखवले नाही. त्यानंतरही मी तेवीस अर्ज लिहिले, आणि लोक म्हणत, दगाभाऊ म्हणजे देवमाणूस.

कलम ६. आता पुरावा.

पंधरा हा आकडा मी लिहिला. झिपरूने वय सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. सोळाच्या आत असले की अर्ज जड होतो हे मला माहीत होते, म्हणून पंधरा. पोर समोर कधी पाहिलीसुद्धा नव्हती. एका कोंबडीच्या रश्श्यासाठी मी तिचे वय कापले. तापीबाईने रस्सा वाढताना विचारले होते, "तुम्हनी लेखणी एखाद दिन कोन्हा गळा कापी, ते समजस का तुम्हले?" मी म्हटले, मीठ कमी आहे.

कोर्टात खरे बोललो असतो तर बाजारातली माझी अर्ज लिहायला बसायची जागा गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. घाबरलो. मग एकेचाळीस अर्ज लिहिले, कायदा बदला, वही बदला, समिती बदला! सगळे खरे होते, आणि सगळे माझे तोंड लपवायला होते. जगाचे कायदे सुधारायला निघालो आणि स्वतःच्या हातची एक ओळ सुधारली नाही.

याहून वाईट पुढे आहे. जसोदाबाईला वाटले, पंधरा हे तिच्या बापाने सांगितले. देजेच्या लोभाने बापाने नवऱ्याला तुरुंगात घातले, असे तिने धरले. बारा वर्षे ती माहेरी गेली नाही. झिपरू बाजारात तिच्यासमोर उभा राहायचा, ती तोंड फिरवायची. मी माझ्या जागेवरून पाहत असे. या पौषात झिपरू मेला. ती गेली नाही. त्याच्या दिवसकार्याचे जेवण झाल्यावर भाऊ येऊन तिला म्हणाला, बाप मरेपर्यंत हेच सांगत होता की मी वय सांगितलेच नाही.

गेल्या मंगळवारी ती माझ्या ओसरीवर आली. होळी जवळ आली, वीरसिंगला यंदा तरी बसवू नका असा अर्ज लिहून द्या म्हणाली. मी टाक बुडवला. तेव्हा तिने विचारले, "दादा, मन्हं वय पंधरा कोनी सांगं व्हतं?"

मी म्हटले, "माहीत नही, माय."

अडुसष्टाव्या वर्षी, बायकोच्या फोटोसमोर बसून, मी हे म्हटले. मला माझी किळस आली. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ७. वकिलांनी सल्ला दिला की कबुली मृत्युपत्रात ठेवा, मेल्यावर उघडेल, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. सल्ला उत्तम आहे. पण माझे आजे ब्याण्णव वर्षे जगले आणि शेवटपर्यंत चणे खात होते. मी तसाच निघालो तर वीरसिंग आणखी चोवीस होळ्या पडवीत बसेल. म्हणून वरील कलम ६ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची नक्कल घेऊन मी उद्या सकाळच्या मोटारीने धुळ्याला न्यायाधीशांसमोर उभा राहणार आहे. मला शिक्षा झाली तर छगनने अपील करू नये. त्याला तसेही साहेबांची रजा मिळणार नाही.

सही करण्याआधी जसोदाबाईला निरोप पाठवून बोलावले. कलम ६ तिला तिच्या बाजारच्या बोलीत वाचून दाखवले, आकड्यासकट, कोंबडीसकट. मला वाटले ती शिव्या देईल. मी तयार होतो. तिने माझ्या हाताकडे पाहिले. मग म्हणाली, "मन्हा बाप मरी गया, दादा."

यावर कोणाला अर्ज करायचा, ते मला माहीत नाही.

सही: दगा उखाजी चौधरी

स्थळ: तळोदा, जिल्हा धुळे
तारीख: २४ फेब्रुवारी १९६६

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की दगाभाऊंनी हा कागद आम्हां दोघांसमोर वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. सही करताना ते रडत होते, पण शुद्धीवर होते.

१. धुडकू सोमा न्हावी, राहणार तळोदा (सही)
२. भिला आत्माराम शिंपी, राहणार तळोदा (सही)