पाटावरची बंदूक

॥ श्री ॥
हेंद्रेपाडा, बदलापूर
८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गोदूस हरिचंद्रदादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक असे लिहिणार होतो, पण ठीक नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी उलटं समजतो, म्हणून कागद घेतला.

दसऱ्याला मी बापाची बंदूक कपाटातून काढली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दिवस मावळेपर्यंत हलवायचं नाही ही आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. सूनबाई प्रीती माहेरी गेलेली. मी दार नुसतं लोटून देवळात आपट्याची पानं आणायला गेलो. तेवढ्यात आपल्या भागातला हवालदार सोनं द्यायला आला. घरात माणूस नाही आणि समोर बंदूक. तिच्यात काडतूस नव्हतं, तरी पंचनामा झाला आणि बंदूक ठाण्यात गेली. काल नोटीस आली की हत्यार कुलपात ठेवलं नाही, तर परवाना रद्द का करू नये. पंधरा तारखेला पोलीस उपायुक्त साहेबांपुढे उभं राहायचं आहे. नोटीस मी सात वेळा वाचली, तीन शब्द अजून कळले नाहीत.

चूक माझीच आहे. पण भात कापणीला आलंय आणि डोंगराकडून रानडुकरं उतरतात. हवेत एक बार काढला की पळतात. परवाना एकदा गेला तर या वयात मला पुन्हा कोण देणार?

आता पोटातलं लिहितो. त्याच संध्याकाळी तुला सोनं द्यायला मी अंबरनाथला आलो, तेव्हा तुमचंही दार उघडं होतं. तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर गेला होता आणि कल्पेशचं पिस्तूल पाटावर, झेंडूच्या फुलांत. मी अर्धा तास त्याची राखण करत बसलो. कल्पेश आला आणि हसून म्हणाला, मामा, ते ड्युटीचं आहे, त्याला कोण विचारतो. तो फौजदार, मी शेतकरी. त्याला कोणी विचारत नाही आणि मला नोटीस. प्रीती म्हणते, बाबा, हे साहेबांना सांगा. सांगितलं तर भाच्याची नोकरी, नाही सांगितलं तर माझा परवाना. झोप लागत नाही. तू सांग.

माझ्यावर रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझा दादा,
हरिचंद्र


॥ श्री ॥
अंबरनाथ
११ ऑक्टोबर २०२५

ती. दादास गोदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चौथीत दोनदा बसलास तरी अक्षर सुधारलं नाही. तुझं ‘परवाना’ मी आधी ‘पाळणा’ वाचलं आणि घाबरले, या वयात दादा काय करून बसला.

दादा, थट्टा पुरे. अर्धा तास बसलास आणि मला शब्दानेही बोलला नाहीस, याचं वाईट वाटलं. मी पत्र कल्पेशच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि जेवण तसंच ठेवलं. मग म्हणाला, आई, मामांचं खरं आहे. सोमवारी त्याच साहेबांना भेटतो म्हणाला. काय बोलणार ते विचारलं, तर सांगेना. बापावर गेलाय.

तू मात्र माझ्या पोरासाठी गप्प बसू नकोस. विचारलं तर खरं सांग. त्याचं जे व्हायचं ते होईल. त्या दिवशी खालची बनूबाई तिचं पोरगं घेऊन वर आली असती तर काय झालं असतं, हे मनात येतं आणि मी उठून दाराची कडी पुन्हा तपासते.

रक्तदाबाची गोळी विसरू नकोस. जीव लावतोस तसा लावत राहा.
तुझी,
गोदू


॥ श्री ॥
हेंद्रेपाडा
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गोदूस अ. उ. आ.

काल रात्री आठ तास झोपलो. प्रीतीने दोनदा येऊन श्वास चालू आहे का ते पाहिलं.

साहेबांनी मला खुर्ची दिली. बंदूक एकटी सोडून का गेलात विचारलं, मी रीत सांगितली. आणखी काही सांगायचं आहे का, म्हणाले. तुझं पत्र खिशात होतं, कल्पेशचं नाव ओठांपर्यंत आलं. मी नाही म्हणालो. गोदू, तुझं ऐकलं नाही, माफ कर.

मग साहेबांनी एक कागद पुढे केला. कल्पेशने सोमवारीच स्वतःहून लिहून दिलं होतं की माझंही हत्यार त्या दिवशी उघड्यावर होतं, आणि मामांनी राखलं म्हणून अनर्थ टळला. साहेब मला म्हणाले, भाच्याच्या घरी एवढी अक्कल आणि स्वतःच्या घरी का नाही? मी म्हटलं, साहेब, चूक दुपारी झाली, अक्कल संध्याकाळी आली. ते हसले, शिपाईही हसला.

परवाना राहिला. ताकीद मिळाली. लोखंडी कपाट भिंतीत बोल्टने बसवून दाखवायचं, मग बंदूक घरी. आज सकाळीच कारागीर येऊन भोकं पाडून गेला.

बाहेर आलो तर कल्पेश झाडाखाली उभा. त्यालाही ताकीद, आणि ड्युटी संपली की पिस्तूल रोज ठाण्यात जमा. मला वाटलं रागावला असेल. त्याने वाकून नमस्कार केला. मग आम्ही दोघांचे ताकिदीचे कागद शेजारी धरले. त्याच्यावर पोलीस उपनिरीक्षक, माझ्यावर परवानाधारक. खालचं ‘हत्यार उघड्यावर ठेवल्याबद्दल सक्त ताकीद’ हे वाक्य मी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं. दोन्हीकडे तेच होतं.

आमच्यावर अशीच माया राहू दे.
तुझा दादा,
हरिचंद्र