बाबांची दोनशे वाक्यं

३ नोव्हेंबर

ऑपरेशनची तारीख मिळाली. एकवीस. स्वरयंत्र काढणार. म्हणजे बाबांकडे बोलायला अठरा दिवस.

थेरपिस्ट बाईंनी यादी दिली. दोनशे वाक्यं. ती आत्ताच रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर टॅबलेटवर बटण दाबलं की बाबांच्याच आवाजात ऐकू येतील. "मला पाणी हवं." "चष्मा कुठे आहे?" बाबांनी यादी खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "यात भांडायचं एकही वाक्य नाही. मुलीशी बोलू कसा?" बाई हसल्या. "घाला की तुमची दोन-चार!"

मी नाही हसले.

४ नोव्हेंबर

बाबा मागच्या खोलीतच रेकॉर्ड करणार म्हणतात. चाळीस वर्षं तिथे शिलाई मशिनं दुरुस्त केली, तिथेच जीभ सुटते म्हणे! आणि कोणी आत यायचं नाही. "'पाणी हवं, पाणी हवं' असं एकटाच बडबडताना मला कोणी बघायला नको."

दादाने व्यवस्था केली. खाली त्याच्या राउटरला हार्ड डिस्क जोडलेली आहे, घरातले सगळे फोटो आणि कागद तिच्यात. वर माझा राउटर त्याच्याच वायरीवर चालतो, म्हणून मलाही ती उघडता येते. मागच्या खोलीपर्यंत मात्र दोन्हींचं नेट पोचत नाही. तिथे बाबांचा सिमकार्डावरचा वेगळा राउटर. एका घरात तीन डबे — वहिनी म्हणते, चुली वेगळ्या झाल्या नाहीत तेवढं नशीब.

दादाने डिस्कवर 'बाबा' नावाचं फोल्डर केलं. बाबांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर डिस्कचं चित्र ठेवलं, स्वतः दोनदा उघडून बघितलं. "बाबा, हे दाबायचं, आत टाकायचं. बस्स." मग लॅपटॉप मागच्या खोलीत गेला.

६ नोव्हेंबर

जेवताना बाबा म्हणाले, "तुझं ते 'बाबा' नावाचं फोल्डर काही मला दिसलं नाही. मी माझं केलं." दादा म्हणाला, "कुठेही टाका, सापडेल."

पंचवीस वाक्यं झाली म्हणे.

वर येऊन डिस्क उघडली. काही नाही.

७ नोव्हेंबर

काही नाही.

९ नोव्हेंबर

सगळी डिस्क पालथी घातली. दादाच्या लग्नाचे फोटो तीनदा साठवलेत, वहिनीच्या कुठल्या तरी कोर्सचे व्हिडिओ आहेत. बाबांची एक फाइल नाही.

खाली जाऊन विचारलं. "बाबा, किती झाली?" "ऐंशीच्या वर." सहज म्हणाले! आवाज चिरका येतोय. मधेच तुटतो. दिवसातून तास-दीड तासच नीट निघतो, आणि तो तास ते मागे बसून नक्की काय करतात?

ऑफिसचं कामही बोंबललंय. औषधांच्या पाकिटातल्या घडीच्या कागदाचं प्रूफ — 'दिवसातून दोनदा'च्या जागी 'तीनदा' राहिलं असतं. सुटता सुटता दिसलं.

११ नोव्हेंबर

आज नको ते झालं.

डिस्क अजून रिकामी. दुपारी तडक मागच्या खोलीत गेले, दार न वाजवता. बाबा लॅपटॉपसमोर, गळ्याला मफलर. मला बघून त्यांनी नुसता हात वर केला — थांब, गप्प. त्या हाताने माझं डोकंच फिरलं.

काय काय बोलले! वर एक फाइल नाही. दिवसभर इथे करता काय? आम्हांला फसवताय की स्वतःला? दहा दिवसांनी तोंड उघडाल आणि आवाज निघणार नाही, तेव्हा आम्ही काय ऐकायचं?

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "अगं, हे बघ तरी."

"मी वर बघितलंय!" म्हणाले आणि दार आपटून निघाले. आतून तेलाचा डबा पडल्याचा आवाज आला.

रात्री जेवताना त्यांनी माझ्या पानात भात वाढला, रोजच्यासारखा.

१२ नोव्हेंबर

बाबा संध्याकाळी लॅपटॉप छातीशी धरून घरात आले. "झाली दोनशे. वर चार माझी." चेहरा परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखा.

दादाने तिथेच टेबलावर लॅपटॉप ठेवला, चित्र दाबलं. डिस्क उघडली. दादाचे फोटो, वहिनीचे व्हिडिओ, 'बाबा' फोल्डर. ते रिकामं.

लॅपटॉपमध्ये शोधलं, तिथेही नाही. सगळं थेट डिस्कवर टाकत होते.

"सकाळी होती," बाबा म्हणाले. मग स्वतःच्या बोटांकडे बघत, "मीच काहीतरी दाबलं असणार."

वहिनी म्हणाली, "होतं असं, बाबा. माझं तर रोज होतं." माझ्या मनात आलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार — वाचलीच नव्हती. आता पुसली म्हणतायत.

१५ नोव्हेंबर

पुन्हा सुरुवात. या वेळी माझ्या फोनवर, माझ्यासमोर. अकरा वाक्यं झाली. बाराव्याला नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, आता ताण नको.

अकरा. त्यात 'मला पाणी हवं' आहे. 'हो' आहे. 'नाही' राहिलं.

१८ नोव्हेंबर

घरभर फिरते नुसती. कपाट लावते, पुन्हा काढते. दादा म्हणाला, "बस गं एका जागी, डोळे दुखायला लागले माझे."

२० नोव्हेंबर

दवाखान्यात भरती केलं. निघताना बाबा दाराशी थांबले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ठेवलंय मी सगळं. खरंच ठेवलंय." मी म्हणाले, "हो बाबा, माहीत आहे." माहीत कुठे होतं!

२१ नोव्हेंबर

सहा तास. नीट झालं.

२४ नोव्हेंबर

बाबा पाटीवर लिहितात. पहिलं वाक्य — 'शेजारच्याचं घोरणं माझ्यापेक्षा वाईट.' दुसरं — 'टॅबलेटवर काय काय आहे?'

मी पाटी पुसली आणि पाणी आणायला गेले.

२७ नोव्हेंबर

बाबांची खाट आता पुढच्या खोलीत. मागचा राउटर परत द्यायचा म्हणून नेटवाल्याला बोलावलं. त्याने डबा खिळ्यावरून काढला, उलटा केला. "ताई, मागे पेन ड्राइव्ह खोचलाय. ठेवू की काढू?"

बाबांचा. मशिनांचे नकाशे असायचे त्यात. मी लॅपटॉपला लावला.

नकाशे होते. आणि शेजारी एक फोल्डर — 'दोनशे'. आत दोनशे चार फाइली.

नेटवाल्याला सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अहो, हे डबे कारखान्यातून एकच नंबर घेऊन येतात. खालच्याचा जो पत्ता तोच ह्याचा. त्या चित्राला काय कळतंय? ते पत्ता बघतं. लॅपटॉप घरात असला की खालची डिस्क उघडणार, इथे असला की हा पेन ड्राइव्ह." माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "काकांनी बरोबरच टाकलं होतं, ताई."

हो. बरोबरच टाकलं होतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला होता.

दादाला फोन केला. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "दोनदा उघडून बघितलं होतं गं मी. पण घरातच."

२८ नोव्हेंबर

सगळ्या फाइली दोन-तीन सेकंदांच्या. १६३ नंबरची तीन मिनिटांची.

तिच्यात मी आहे. ओरडतेय. सगळं स्वच्छ आलंय, एक शब्द गाळलेला नाही. मग दार. तेलाचा डबा. बराच वेळ नुसता पंखा. बाबा खोकतात, आणि कुणाला तरी समजावल्यासारखे म्हणतात, "घाबरलीय पोर."

मग कागद उलटल्याचा आवाज.

"एकशे त्रेसष्ट. पंखा जरा हळू कर."