कोटन्याला गाल

बाबा, काल गावच्या बैठकीत मी एका साहेबाला म्हटलं, "याच्या कडेला आधी तुमचा गाल लावून दाखवा." साहेब मागे सरकला, लोक हसले. तुम्ही हसला नसता, हे मला आज कळतंय. पण आधी राग सांगतो, तो अजून उतरलेला नाही.

रायपूरपासून पाऊण तासावर मी थोडी जमीन घेतली, ती तुम्ही गेल्यानंतर. दुकानातले जे टायर रिमोल्डिंगच्याही कामाचे उरत नाहीत, ते तिथं नेतो. शेताचा नाल्याकडचा बांध, म्हणजे धुरा, दर पावसात खचायचा. तिथं टायर एकावर एक रचले, आत माती ठासली, वर खसाचं गवत लावलं. चार पावसाळे झाले, धुरा जागचा हलला नाही. ट्रॅक्टरच्या टायरची वरची बाजू कापायची, तळ सिमेंटनं बुजवायचा, की गुरांना पाणी प्यायला डोणी तयार. तशा तीन करून मी गावाला दिल्या. इथले लोक डोणीला कोटना म्हणतात, दगडाचा असो की टायरचा.

यंदा गावानं शहरातून कोणी एजन्सीवाले आणले. त्यांनीही कोटने बसवले. पिवळे, निळे, वरून फुलं काढलेली, शेजारी उभं राहून फोटो. आणि टायर कोणते, तर तारवाले! तुम्हाला सांगायला नको, तारेचा टायर कापला की कडेला पोलादी तारा उभ्या राहतात, दाढीच्या खुंटांसारख्या. यांनी त्यावर रंग फासला. माझ्या शेताशेजारच्या दीदीची एकुलती गाय तिथं पाणी प्यायला गेली नि जीभ फाडून घेऊन आली. दोन दिवस तणसाला तोंड लावेना. त्या घरात दुसरं दुभतं नाही.

त्यावर बैठक. आणि एजन्सीचा साहेब काय म्हणतो? "टायर चीजही खतरनाक है, पूरे गाँव से हटवा देते हैं." पूरे! म्हणजे माझा धुराही उपसायचा. तारा यांनी ठेवल्या, रंग यांनी फासला, आणि गुन्हेगार ठरला टायर. मी उठलोच. म्हटलं, मी जन्मभर टायरच हाताळले, माझा बाप पुरानी बस्तीत टिनाच्या शेडखाली टायर कापायचा, आणि कापलेल्या कडेवर स्वतःचा गाल फिरवल्याशिवाय कोणाला कोटना देत नव्हता. तुमच्यातल्या कोणी फिरवला?

हे बोलताना तुम्ही समोर दिसत होता. उकिडवे बसलेले, डोळे मिटून, टायरच्या कडेवरून गाल सावकाश नेत. घरी आलात की चुलीपुढून आई म्हणते, "आले काळ्या गालाचे!" आणि खोबरेल तेलाचं बोट पुढं करते. मी तेव्हा विशीतला, कानाचा पक्का. हातोडी मारली की नायलॉनचा की तारेचा, आतला थर सुटलाय की धड आहे, आवाजावरून सांगायचो. एकदा गाल न लावताच कोटना गाडीत चढवला, तर तुम्ही सगळ्यांसमोर खाली उतरवायला लावलात.

"काहून रे, गाल नाही लावला?"

"आवाजावरून समजते न बाबा, नायलॉनचा हाय."

"घ्यायच्या वेळी कान लाव, द्यायच्या वेळी गाल. जनावर काय हातोडी वाजवून पाणी पिऊन राहिलं का?"

मला तेव्हा फार लागलं होतं. त्या कानावर पुढं मी धंदा उभा केला, चौबे कॉलोनीत घर बांधलं. काल तीच गालाची गोष्ट मी तुमची म्हणून ऐटीत सांगितली, आणि साहेब मागे सरकला. तेवढ्यात दीदी उठली. टोमणा नव्हता, बाबा; मी माझ्या कोटन्यांना गाल लावलाय का, हे तिला खरंच विचारायचं होतं.

"भैया, अपन कोटना मं गाल लगाए हव का?"

मी म्हटलं, "हव."

इथं 'हव' म्हणायला काय लागतं? होकाराला हव, निरोपाला हव, समोरचा बोलत राहावा म्हणूनही हव. पण ती 'हव' सगळ्यांनी खरी धरली. रंगीत कोटने निघणार, माझे राहणार, धुराही राहणार, असं ठरलं. दीदी म्हणाली, आता गाय भैयाच्याच कोटन्यावर नेते.

आज सकाळी तिच्या आधी पोचलो. तिन्ही कोटने दुकानातल्या मशीनवर कापलेले, मी फोनवर बोलता बोलता फक्त आवाज ऐकलेले. गुडघे टेकले, गाल लावला. पहिला साफ. दुसरा साफ. तिसऱ्याला अर्धा फेरा झाला आणि गाल फाटला. टायर नायलॉनचाच आहे, आत तार नाही, कान चुकला नव्हता. कधीतरी आत घुसून तुटलेला खिळा, रबर झिजल्यावर टोक वर आलेलं. पक्कडीनं ओढून काढला, तिन्ही कडा पुन्हा गालानं तपासल्या. तोवर दीदी गाय घेऊन आली. माझा गाल बघितला आणि गाईला कोटन्यापाशी सोडलं. गाय हळूहळू पाणी प्यायली.

एजन्सीवाल्यांवरचा राग खराच आहे, तो मी सोडणार नाही. पण तो खिळा माझ्या खिशात आहे, आणि घरी मी सांगितलंय की दाढी करताना लागलं.