स्वतःच्याच मुलाची मावशी

व्यवसायाच्या रकान्यात वकीलसाहेबांनी मला न विचारता 'गृहिणी' टाइप केले होते. आधी ते खोडून घेतले. चरित्र अभिनेत्री लिहा म्हटले, तर म्हणतात, "आजी, कोर्टाला काय फरक पडतो?" कोर्टाला पडत नसेल. उभा जन्म मी तोंडाला रंग लावला, मला पडतो.

असो. सर्वांना जयभीम.

मी, सुंदराबाई दशरथ ओव्हाळ, वय ७१, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, आणि माझ्याशी दोन शब्द बोललेल्या कोणालाही ते कळते. शिक्षण दुसरी. मी सांगितले, शेजारच्या आम्रपालीने लिहून वकीलसाहेबांना टाइप करायला दिले. तिने माझे बोलणे सुधारू नये म्हणून तिच्याकडून पुन्हा वाचवून घेतले.

१. माझ्या कामाविषयी. माझे यजमान होते तोवर ते संवाद वाचायचे, मी ऐकून पाठ करायची. तिशीतच एकदा म्हातारी झाले, ती झालेच. मोलकरीण, सुईण, नायकाची आई. घरोघरी केबल आली, मालिका वाढल्या आणि माझे मरणही वाढले. तक्रार नाही. पोटभर काम मिळाले.

२. वारजे येथील दोन खोल्यांची सदनिका माझ्या कमाईची आहे. ती सून नीरजा हिला. मुलगा चेतन याला नाही. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसून त्याने स्वतःचे घर घेतलेच आहे, पण कारण ते नव्हे.

३. बाहेरच्या खोलीतला माझा फोटो, चंदनाच्या हारासकट, चेतनला. तो एका मालिकेतला आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मी त्यात मेलेली, काम फक्त भिंतीवर. मालिका संपल्यावर फोटो मागून आणला आणि हौसेने टांगला. पुढे मी दौऱ्यावर असताना नीरजाचे आईवडील शनिवार पेठेतून घर बघायला आले. वडिलांनी फोटोला हात जोडले. "आई कधी गेल्या?" चेतन म्हणाला, "झाली दोन वर्षं." आमची जात त्यांना आडनावावरून कळली होती आणि पोरीच्या हट्टापुढे त्यांनी ती गिळली होती. वर नाटकातली आई नको, असा याचा विचार. तेवढ्यात प्रयोग रद्द झाल्यामुळे मी बॅग घेऊन दारात. विहीणबाईंचा हात छातीवर गेला. चेतन म्हणाला, "ही मावशी. आईची जुळी बहीण."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. पांढरे पडले होते. मग पदर सावरून म्हणाले, "ताई फार गुणी होती हो." तालीम नव्हती, तरी विहीणबाई रडल्या.

लग्नात मावशी म्हणून मिरवले. व्याही आजही मावशीच म्हणतात. एवढे लांबलेले काम दुसऱ्या कोणी मला दिले नाही.

४. सदनिका नीरजाला का, ते. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी स्वयंपाकघरात तिने विचारले, "मावशी, हनुवटीवरचा तीळ फोटोतही आहे. जुळ्यांचे तीळसुद्धा जुळे असतात का?" मी म्हटले, "गप भाजी चीर." ती म्हणाली, "बरं, आई." तिने माहेरी सांगितले नाही, कारण मी बजावले होते: 'ही माझी आई' हे वाक्य चेतनचे आहे, दुसऱ्याने म्हणायचे नाही. तो अजून म्हणालेला नाही.

५. पांढऱ्या केसांचा टोप व रंगाची पेटी माझी रंगभूषाकार जया हिला. टोप गरम पाण्यात बुडवू नये, तिला सवय आहे.

६. शेवटच्या दौऱ्यात ज्या निर्मात्याने मला बसच्या मागच्या सीटवर, सेटच्या लाकडांशेजारी बसवले, त्याला शोकसभेत बोलू देऊ नये. बसायला यावे. मागे.

७. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हणावे. टाळ्या नकोत.

सही: सुंदराबाई दशरथ ओव्हाळ
साक्षीदार: १. डॉ. उत्तरेश्वर शेटे. २. मच्छिंद्र भोंडवे, नाटकाच्या बसचे ड्रायव्हर.
पुणे, ९ जुलै २००४

सही झाल्यावर सुचले, म्हणून खाली तिघांनी पुन्हा सह्या केल्या आहेत. मी गेल्याबरोबर मच्छिंद्रने हा कागद चेतनला वाचून दाखवावा. स्मशानभूमीत नोंदणीच्या खिडकीशी व्याही आणि विहीणबाईंना त्याच्याजवळ उभे करावे. आतला माणूस विचारेल, "मयत तुमच्या कोण?" नीरजाने तोंड उघडायचे नाही. मच्छिंद्रने सुचवायचे नाही. उत्तर चेतननेच द्यायचे, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.